मदत हवी आहे: कोळशाच्या ग्रिलवर बोकडाची अख्खी मांडी
नमस्कार. साताऱ्याजवळच्या शेतावर रविवारी झाकणाच्या कोळशाच्या ग्रिलवर बोकडाची दोन किलोंची मांडी हाडासकट भाजायची आहे. थेट आचेवर कांदा-लसूण मसाला करपतो आणि हाडाजवळ मांस कच्चे राहते, म्हणून कोळसे एका बाजूला सारून मांडी दुसऱ्या बाजूला ठेवणार आहे. अडचण अशी की मांस आतून ६३ अंश सेल्सिअसला पोहोचले की सुरक्षित मानतात, पण बोकडाचे चिवट मांस सुटे होण्यासाठी ८५ ते ९० अंश लागतात आणि तोवर वरचा भाग कोरडा पडतो. (कच्ची पपई नको, जास्त झाली की मांस पिठूळ होते.) मांडी मध्येच फॉइलमध्ये गुंडाळावी का, आणि उघड्या माळावरच्या वाऱ्यात आच एकसारखी कशी राखावी? जाणकारांनी कृपया सांगावे.