मोटारींना एकच जाळं पुरे, तेही विजेचं

तारतम्य (धागाकर्ता)

पर्यायी इंधनांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सगळे पर्याय खुले ठेवले पाहिजेत." ऐकायला समंजस वाटतं. गाड्या बनवणाऱ्यांनी ते खुशाल ठेवावेत. पण रस्त्याकडेला जे उभं राहतं त्यात सार्वजनिक पैसा जातो. चार इंधनांची चार जाळी विणायला घेतली तर चारही विरळ राहतात. विरळ जाळ्याच्या भरवशावर कोणी गाडी घेत नाही, गाड्या नाहीत म्हणून पंप तोट्यात जातात आणि तोटा होतो म्हणून बंद पडतात.

हायड्रोजनच्या मोटारींचं हेच झालं. टोयोटाची मिराई 2014च्या अखेरीस आली. 700 बार दाबाने पाच-साडेपाच किलो हायड्रोजन, भरायला पाच मिनिटं. गाडीला नावं ठेवायला फारशी जागा नाही, अडलं ते पंपांवर. शेलने फेब्रुवारी 2024 मध्ये कॅलिफोर्नियातले मोटारींसाठीचे आपले पंप कायमचे बंद केले. ज्यांनी गाड्या घेतल्या होत्या, त्यांनी उरलेले पंप शोधत फिरायचं.

ऊर्जेचा हिशेबही बघा. एक किलो हायड्रोजनमध्ये वापरण्याजोगी ऊर्जा सुमारे 33 युनिट. पाण्यापासून तो किलो बनवायला 50 ते 55 युनिट वीज लागते. मग तो दाबायचा, थंड करायचा, वाहून न्यायचा आणि गाडीतल्या फ्युएल सेलमध्ये त्याची पुन्हा वीज करायची, त्यात उरलेल्यातलं जवळपास निम्मं जातं. तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर गाडी दुपटीहून जास्त अंतर जाते.

माझं म्हणणं इतकंच: मोटारी आणि दुचाकींसाठी सार्वजनिक पैसा फक्त विजेच्या जाळ्यात घालावा. बाकीचे पंप ज्याला परवडतील त्याने स्वतःच्या हिमतीवर काढावेत. ट्रकबद्दल मी इथे बोलत नाहीये. (तुम्ही बोलालच, कल्पना आहे.)

सहावा गिअर

असहमत. सगळी भिस्त एकावर ठेवली की काय होतं ते ब्राझीलने भोगलंय. 1975 मध्ये त्यांनी उसापासूनच्या इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, 1979 पासून निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारी विकायला आल्या आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला नव्या मोटारींपैकी बहुतेक त्याच होत्या. मग साखरेला चांगला भाव आला, तेल स्वस्त झालं आणि 1989-90च्या सुमारास पंपांवर अल्कोहोलचा तुटवडा पडला. त्या गाडीला दुसरं काही चालतच नव्हतं. लोकांचा विश्वास उडाला आणि त्या गाड्यांची विक्री कोसळली.

तिथे इथेनॉल परत आलं ते 2003 नंतर, फ्लेक्स-फ्युएल गाड्यांमुळे. टाकीत पेट्रोल घाला, इथेनॉल घाला, कुठल्याही प्रमाणात दोन्ही मिसळा. सीएनजीच्या मोटारींमध्येही पेट्रोलची टाकी असते ती याचसाठी. ज्या गाडीला मागे फिरायची वाट ठेवलेली असते, तिला नवं जाळं पुरं व्हायची वाट बघावी लागत नाही. विजेच्या गाडीला ती वाट नाही.

तारतम्य

@सहावा गिअर, उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. इथेनॉल द्रव आहे. तोच टँकर, तेच आवार, फारतर वेगळी टाकी आणि वेगळं नोझल. ब्राझीलला नवं जाळं उभारावंच लागलं नाही. जुन्या पंपातून जे इंधन जातं त्याच्याशी माझं भांडण नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते आणि जमीन कोणत्या पिकाला द्यायची हाही प्रश्न आहे, पण तो वेगळा धागा.

सीएनजीचं मात्र वेगळं. 200 बारच्या पुढे दाब, कॉम्प्रेसर, सिलिंडरची ठरावीक काळाने चाचणी. न्यूझीलंडने 1979 पासून सीएनजीला कर्ज आणि सवलती दिल्या. काही वर्षांत लाखभर गाड्या सीएनजीवर आल्या. पुढे सरकार बदललं, सवलती गेल्या, तेल स्वस्त झालं आणि अख्खं जाळं हळूहळू विरून गेलं. दोन इंधनांची गाडी होती म्हणून माणसं अडकली नाहीत हे खरं, पण पंपांत घातलेला पैसा गेलाच ना?

सहावा गिअर

पंपांतला पैसा गेला, सवलती काढून घेतल्या म्हणून. इंधनाचा त्यात काय दोष? दिल्लीत उलटं झालं. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या बस सीएनजीवर आणायचा आदेश दिला तेव्हा पंप पुरेसे नव्हते, रात्र-रात्र रांगा लागल्या, मुदती पुढे गेल्या. पण आदेश मागे घेतला गेला नाही आणि 2002च्या अखेरीस डिझेलच्या शहर बस रस्त्यावरून गेल्या. धोरण हललं नाही की जाळं टिकतं, मग इंधन कोणतंही असो.

रात्रपाळी

वीज वितरणात काम करतो म्हणून लिहितोय. "विजेचं जाळं आहेच, त्याला फक्त चार्जर जोडायचे" असा सूर या चर्चांमध्ये असतो, तो मला खटकतो.

पेट्रोलचं नोझल मिनिटाला 35 लिटर देतं असं धरा. त्यातून वाहणारी ऊर्जा विजेच्या भाषेत मोजली तर 18 मेगावॅटच्या आसपास येते. इंजिन त्यातला पाव हिस्साच चाकापर्यंत नेतं म्हणून साडेचार धरू. समोर 150 किलोवॅटचा चार्जर, ज्याला आपण फास्ट म्हणतो. म्हणजे पंपावर पैसे देण्यासकट पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला इथे अर्धा तास जातो आणि तोही 80 टक्क्यांपर्यंतच, कारण त्यापुढे बॅटरी स्वतःच वेग कमी करते. तेवढ्याच गाड्या सोडवायला कितीतरी जास्त चार्जर लागणार.

आता असे दहा चार्जर एका ठिकाणी लावा. दीड मेगावॅट. त्याला उच्चदाबाची वेगळी जोडणी हवी, ट्रान्सफॉर्मर हवा, महामार्गावर आडबाजूला असेल तर कित्येक किलोमीटर लाइन ओढावी लागते. चार्जरची पेटी काही आठवड्यांत बसते, वेळ खाते ती जोडणी. त्यात मोठ्या ग्राहकाच्या बिलात मागणी आकार असतो. महिन्यातला सगळ्यात जास्त भार धरून तो लागतो, मग तो भार सुट्टीच्या एकाच दुपारी का येईना. गाड्या कमी असताना चार्जिंग स्टेशन तोट्यात जातं ते बऱ्याचदा याच्यामुळे. काही ठिकाणी चार्जरशेजारी मोठी बॅटरी ठेवतात, ती सावकाश भरते आणि गर्दीत सोडते. उपाय चांगला आहे, खर्चिक आहे.

तरीही मी तारतम्य यांच्याच बाजूचा, वेगळ्या कारणाने. बहुतेक गाड्यांना रोज फास्ट चार्जर लागतच नाही. दिवसाला 40 किलोमीटर चालणारी मोटार 6-7 युनिट खाते. 3 किलोवॅटच्या साध्या जोडणीवर अडीच तास. गाडी रात्रभर उभीच असते. प्रश्न एवढाच की सगळ्यांनी संध्याकाळी सातला प्लग लावू नये. ब्रिटनमध्ये 30 जून 2022 पासून घरगुती चार्जर गर्दीची वेळ टाळायची सोय असलेलेच विकावे लागतात. त्यात सुरू होताना थोडा यादृच्छिक उशीरही असतो, नाहीतर स्वस्त दर लागू होण्याच्या ठोक्याला हजारो गाड्या एकदम भार टाकतील. असला उशीर नियमात लिहिणाऱ्याला वितरणाचा अनुभव असणार!

पैसा द्यायचाच तर महामार्गावरच्या झगमगीत चार्जरआधी वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरला द्या.

तिसरा मजला

@रात्रपाळी, "गाडी रात्रभर उभीच असते", कुठे? स्वतःच्या अंगणात असेल तर सगळं सोपं. मी भाड्याने राहतो, गाडी रस्त्यावर जिथे जागा मिळेल तिथे. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडू?

नॉर्वेचं उदाहरण सगळे देतात. 2024 मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास 89 टक्के निव्वळ विजेच्या. पण तिथे करसवलती नव्वदीच्या दशकापासून आहेत, वीज जवळपास सगळी पाण्यावरची आहे आणि बरेच लोक घरीच चार्ज करतात. ज्यांना घरी प्लग नाही त्यांचं काय, हे तिथल्या आकड्यावरून कळत नाही.

जर्मनीने डिसेंबर 2020 पासून फ्लॅटमालकाला चार्जर बसवायची मागणी करण्याचा हक्क दिला, बाकीचे मालक सरसकट नाही म्हणू शकत नाहीत. चांगलं आहे. पण त्यालाही आधी पार्किंगची जागा हवी. लंडनमध्ये रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांमध्ये चार्जर बसवलेत, 5 किलोवॅटचे. माझ्यासारख्याला हे जास्त कामाचं.

हलका वायू

ट्रक बाजूला ठेवून पंपांची चर्चा करणं सोयीचं आहे, प्रामाणिक नाही. पंप एकदा उभा राहिला की तो मोटार आणि ट्रक असा भेद करत नाही. लांब पल्ल्याच्या ट्रकला काही टनांची बॅटरी लागते, तेवढा माल कमी. हायड्रोजनची टाकी हलकी, आणि भरायचा वेळ डिझेलच्या जवळ जाणारा. पोलाद आणि खतांसाठी स्वच्छ हायड्रोजन लागणारच आहे, मग त्यातलाच थोडा वाहतुकीला का नको? स्वित्झर्लंडमध्ये 2020 पासून ह्युंदाईचे हायड्रोजन ट्रक धावतात. ट्रक भाड्याने, वापराप्रमाणे पैसे, अवजड वाहनांवरचा कर माफ, आणि पंप गिऱ्हाईक ठरवूनच काढलेले. कॅलिफोर्नियात गिऱ्हाईक येईल या आशेवर पंप काढले, फरक तिथे आहे.

फ्यूज

पंप भेद करत नाही? करतो की. मिराई 700 बारवर भरते, तुमचे स्विस ट्रक 350 वर. एकाच आवारात दोन्ही द्यायचे तर दोन यंत्रणा.

बसचंही बघा. फ्रान्समधल्या माँपेलिये शहराने 51 हायड्रोजन बसचा बेत जानेवारी 2022 मध्ये रद्द केला, कारण चालवण्याचा खर्च विजेच्या बसच्या सहापट येत होता. बसच्या किमतीला अनुदान होतं, रोजच्या इंधनाला कोण देणार?

हलका वायू

तो खर्च त्या वेळचा आणि तिथला. विजेच्या गाड्याही 2010 साली कोणाला परवडत होत्या?

तारतम्य

ट्रकवर आलोच आहोत तर: युरोपात ट्रकचालकाला साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती कायद्यानेच घ्यावी लागते. त्या वेळात चार्ज व्हावं म्हणून मेगावॅटच्या पातळीवरचं चार्जिंग येतंय, आणि बॅटरीच्या वजनापोटी युरोपात दोन टनांपर्यंत जादा वजनाची मुभा आहे. मालाचं नुकसान तुम्ही म्हणता तेवढं होत नाही.

विरळ जाळ्याचा आणखी एक धोका कोणी काढला नाही. जून 2019 मध्ये ओस्लोजवळ सांडविका इथे हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. उच्चदाबाच्या टाकीतल्या एका प्लगची जोडणी चुकली होती. त्यानंतर इतर पंपही तपासणीसाठी बंद ठेवले आणि टोयोटा, ह्युंदाईने तिथली हायड्रोजन गाड्यांची विक्री काही काळ थांबवली. पेट्रोल पंपाला आग लागली तर शेजारचा पंप चालू असतो. मोजकेच पंप असले की एका प्लगवरून देशभरातले गाडीवाले खोळंबतात.

फ्यूज

आणि चार्जरचं काय सुरळीत चाललंय? सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 2022 मध्ये संशोधकांनी सार्वजनिक फास्ट चार्जर प्रत्यक्ष जाऊन तपासले. 657 कनेक्टरपैकी 72.5 टक्केच चालत होते. कुठे स्क्रीन बंद, कुठे पैसे घेईना, कुठे केबलच पोहोचेना. नकाशावर हिरवा ठिपका आणि जागेवर मेलेली पेटी. अमेरिकेने नंतर सरकारी पैशातल्या चार्जरना वर्षातला 97 टक्के वेळ चालू राहण्याची अट घातली. माझ्या मते उभारणीचं अनुदान निम्मं करावं आणि उरलेलं चालू असलेल्या तासांवर द्यावं. उद्घाटनाला सगळे येतात, दुरुस्तीला कोणी नाही.

शिवाय "एकच जाळं" म्हणताना हेही लक्षात घ्या की विजेचं जाळंसुद्धा एक नाही. जपानचा चाडेमो प्लग वेगळा, युरोपचा सीसीएस वेगळा, अमेरिकेत टेस्लाने 2022च्या अखेरीस आपला प्लग खुला केला आणि पुढच्या वर्षापासून बाकीचे तिकडे वळायला लागले. चाडेमोची गाडी घेतलेल्याला विचारा जाळं किती एक आहे ते.

तिसरा मजला

+१. बॅटरी अदलाबदलीचं, म्हणजे संपलेली काढून भरलेली बसवण्याचं, कोणी बोललं नाही. माझ्यासारख्याला तेच सोयीचं वाटतं.

सहावा गिअर

बेटर प्लेस नावाची कंपनी होती, इस्राएल आणि डेन्मार्कमध्ये. सुमारे 85 कोटी डॉलर उभे केले, अदलाबदलीची केंद्रं बांधली, मे 2013 मध्ये दिवाळं. त्यांच्या केंद्रात चालेल अशी मोटार एकच, रेनोची. दुसऱ्या बाजूला चीनमध्ये निओची तीन हजारांवर केंद्रं आहेत, पण तीही मुख्यतः स्वतःच्याच गाड्यांसाठी. स्कूटरचं मात्र जमलंय, तैवानमध्ये गोगोरोचं बघा. बॅटरी हाताने उचलता येते, यंत्रमानव लागत नाही.

रात्रपाळी

तिसरा मजला यांच्या अडचणीवर स्वस्तातला उपाय इमारत बांधतानाच आहे. युरोपीय संघाच्या 2018च्या नियमाने दहापेक्षा जास्त पार्किंगच्या नव्या निवासी इमारतींत प्रत्येक जागेपर्यंत केबलसाठी रिकामी नळी टाकून ठेवणं बंधनकारक केलं. चार्जर आज नको, वायरही नको, फक्त नळी. नंतर फरशी फोडून तीच टाकायला कितीतरी पट खर्च येतो, वर इमारतीतल्या सगळ्यांची समजूत काढावी लागते.

सहावा गिअर

नव्या इमारतीत. जुन्या इमारती पन्नास वर्षं उभ्या राहणार आहेत आणि त्यांत राहणारे लोक नवी मोटार घेणारे नाहीत, जुनी घेणारे आहेत. त्यांच्या रस्त्यावरच्या खांबात चार्जर कोणत्या वर्षी बसणार ते तारतम्य यांनी सांगावं. तोपर्यंत या लोकांच्या दोन इंधनांच्या गाडीला लागणाऱ्या पंपाचं अनुदान काढू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.