‘अपराजित’ की ‘अजिंक्य’? आर्मीचा १९४६ चा हंगाम मराठीत लिहिताना

प्रश्न : अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरच्या मजकुराचं भाषांतर चाललं आहे. आर्मी संघाची १९४६ ची नोंद ९-०-१ अशी दिली आहे आणि संघाला ‘अनडिफीटेड’ म्हटलं आहे. ‘लष्कराचा अजिंक्य संघ’ असं केलं आहे, पण शेवटचा १ हा पराभव असेल तर ते जुळत नाही. योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद : आधी आकडे. आपल्याकडे फुटबॉलचा गुणतक्ता विजय, बरोबरी, पराभव या क्रमानं वाचायची सवय असते. अमेरिकेत क्रम विजय, पराभव, बरोबरी असा. म्हणजे ९ विजय, पराभव एकही नाही, १ बरोबरी. आकडे नुसते उतरवू नका, शब्दांत फोडून लिहा; वाचक हमखास उलटं वाचतो.

‘लष्कराचा संघ’ही नको. हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा संघ आहे, खेळाडू म्हणजे तिथले छात्र. तसंच ‘नेव्ही’ म्हणजे ॲनापोलिसची नौदल अकादमी.

प्रतिसाद : ‘अजिंक्य’ दोन कारणांनी चुकतं. एक, व्याकरण. ‘अपराजित’ हे भूतकाळाचं विशेषण : पराजय झालेला नाही, एवढीच घटना ते सांगतं. ‘अजेय’ आणि ‘अजिंक्य’ शक्यतेबद्दल बोलतात : ज्याला जिंकताच येणार नाही असा. ‘अजिंक्य’ तर ‘जिंकणे’ या आपल्या क्रियापदाला संस्कृत वळण देऊन घडवलेला शब्द आहे. किल्ल्याला तो शोभतो, हंगामाच्या नोंदीला नाही. दहाच्या दहा सामने बरोबरीत सोडवणारा संघही अपराजितच असतो, त्याला अजिंक्य कोणी म्हणणार नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. क्रीडापानांवर ‘अजिंक्यपद’ म्हणजे विजेतेपद. ‘अजिंक्य आर्मी’ वाचलं की त्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता आर्मीच, असा समज होतो. १९४४ आणि १९४५ मध्ये ते खरं होतं. १९४६ मध्ये वार्ताहरांच्या मतदानात, म्हणजे असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत, नोटर डेम विद्यापीठ पहिलं आलं आणि आर्मी दुसरं. नोटर डेमची नोंद ८-०-१, तोही संघ अपराजित. अंतिम सामना नावाची गोष्टच नव्हती, म्हणून ‘अंतिम फेरीत हरले’ असंही लिहिता येणार नाही. आणि इथे ‘क्रमवारी’च म्हणा, ‘मानांकन’ म्हटलं की टेनिसच्या सोडतीची आठवण होते.

प्रतिसाद : दोघांच्याही नोंदीतला तो १ एकाच सामन्याचा आहे : ९ नोव्हेंबर १९४६, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, ०-०. इथे ‘अनिर्णित’ टाळावं. क्रिकेटमुळे त्या शब्दाला ‘वेळ संपली, निकाल लागला नाही’ ही छटा चिकटली आहे. हा सामना ठरलेली ६० मिनिटं पूर्ण खेळला गेला. जादा वेळेचा नियम या पातळीवर सर्वत्र आला तो १९९६ च्या हंगामापासून. तेव्हा ‘बरोबरीत सुटला’ हेच नेमकं. ‘गोलशून्य बरोबरी’ हा तयार शब्द मात्र हाताशी आला तरी वापरू नका, या खेळात मोजतात ते गुण.

प्रतिसाद : गुण का म्हणायचं ते त्याच हंगामातल्या नेव्हीविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात दिसतं. आर्मी २१, नेव्ही १८. दोघांचे टचडाउन तीन-तीनच. टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला की, ६ गुण आणि त्यानंतरची किक साधली तर आणखी १. आर्मीच्या तिन्ही साधल्या, नेव्हीच्या तिन्ही हुकल्या. ‘गोल’ लिहिलंत तर हा हिशेबच मांडता येत नाही.

प्रतिसाद : ‘फुलबॅक’ला ‘बचावपटू’ करू नका. आपल्या फुटबॉलमध्ये तो बचावातला. इथे आर्मीचा ब्लँचर्ड हा फुलबॅक चेंडू घेऊन समोरची फळी फोडत धावणारा. त्याचा सहकारी डेव्हिस हाफबॅक, कडेनं वळसा घालून निसटणारा. म्हणून ते ‘मिस्टर इनसाइड’ आणि ‘मिस्टर आउटसाइड’. ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ केलंत तर आतल्या गोटातला माणूस असा भलताच अर्थ निघतो. टोपणनावं देवनागरीत तशीच ठेवा आणि एकदाच खुलासा करा : एक मधून मुसंडी मारणारा, दुसरा कडेनं पळणारा.

तेव्हा आक्रमणातले खेळाडू बचावातही उतरत, हेही वाक्यात यायला हवं. नाहीतर ०-० च्या सामन्यात ब्लँचर्ड मोकळा सुटला असताना त्याला पाडणारा लुजॅक हा नोटर डेमचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, होता, यावर वाचक अडखळेल.

प्रश्नकर्ता : मग असं चालेल का? ‘वेस्ट पॉइंटचा संघ १९४६ च्या हंगामात अपराजित राहिला : ९ विजय, १ बरोबरी. त्याची सलग २८ विजयांची मालिका कायम राहिली.’

प्रतिसाद : पहिलं वाक्य उत्तम, ‘हंगाम’ही योग्य. दुसरं चूक. सलग विजयांची मालिका ०-० च्या दिवशी २५ वर तुटली. १९४४ ते १९४६ या तीन हंगामांत मिळून २७ विजय आणि १ बरोबरी, म्हणून ‘सलग २८ सामने अपराजित’ असं लिहा.