मदत हवी आहे: डोळ्याच्या मेलानोमाच्या गाठीत रोगप्रतिकारक पेशी भरपूर सापडल्या, हे चांगलं की वाईट?

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरचे, त्रिमूर्तीनगरात राहतो. बाबांच्या उजव्या डोळ्यात कोरॉइडचा (डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या थराचा) मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग निघाला. गाठ मोठी होती, म्हणून प्लाक (किरणोत्सर्गी चकती) लावून किरणोपचार न करता हैदराबादला डोळाच काढावा लागला. जखम भरली आहे, कृत्रिम डोळाही बसला. पोटाच्या एमआरआयमध्ये सध्या काही नाही.

प्रश्न बायोप्सी रिपोर्टचा आहे. त्यात लिहिलंय की गाठीत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) मध्यम प्रमाणात आहेत, सीडी१६३ ही खूण असलेले मॅक्रोफेज (भक्षक प्रतिकारक पेशी) पुष्कळ आहेत आणि बीएपी१ चं स्टेनिंग गेलेलं आहे, म्हणजे ते प्रथिन गाठीत दिसत नाही. आत्याबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे शरीर लढून राहिलं नं!" मलाही आधी तसंच वाटलं. पण जे वाचते आहे ते उलटंच सांगतं. त्वचेच्या मेलानोमात गाठीत लिम्फोसाइट जास्त असणं चांगलं लक्षण मानतात, डोळ्याच्या मेलानोमात मात्र वाईट. असं का होतं, हे कुणी नीट समजावून सांगेल का? या पेशीच आजार वाढवतात, की आजार मुळात आक्रमक असल्याची ती नुसती खूण आहे?

दुसरं म्हणजे, घरी सगळे प्रतिकारशक्ती वाढवा म्हणून मागे लागलेत. मोठे काका रोज गुळवेलीचा काढा घेऊन येतात. इतक्या मायेने आणलेलं बाबांना नाकारवत नाही. द्यावा का? आणि इम्युनोथेरपी आत्ताच सुरू करतात का? पुढच्या तपासणीला डॉक्टरांना काय काय विचारू, तेही सांगा. खरं असेल ते लिहा, धीर द्यायला म्हणून काही लिहू नका.

प्रतिसाद

ताई, मी पॅथॉलॉजीत काम करतो, बाबांचा डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

तुम्ही वाचलं ते बरोबर आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर "दोन्ही" असं आहे. बीएपी१ हे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असतं. ते बंद पडलेल्या गाठी जास्त आक्रमक असतात आणि त्यांच्यात दाहही जास्त असतो, म्हणून या पेशी तिथे गोळा होतात. इथपर्यंत ती खूण झाली. पण सीडी१६३ वाले मॅक्रोफेज बहुधा एम२ प्रकारचे असतात. ते गाठीला मारण्यापेक्षा नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. लिम्फोसाइटमधल्या टी पेशी पुष्कळदा थकलेल्या असतात, लॅग-३ सारखे ब्रेक त्यांच्यावर लागलेले असतात.

याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. डोळ्याच्या आत लसीकावाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्या) नसतात, त्यामुळे हा कर्करोग रक्तातूनच पसरतो आणि बहुतेकदा यकृतात जातो. रक्तात त्याच्या पेशींचा सामना एनके पेशींशी, म्हणजे पहारा देणाऱ्या मारक प्रतिकारक पेशींशी होतो. ज्या पेशीवर एचएलए (पेशीवरची ओळख पटवणारी प्रथिनं) कमी, तिला एनके पेशी मारतात. आता गाठीतल्या टी पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं संदेशवाहक प्रथिन सोडतात आणि त्यामुळे कर्कपेशींवरचं एचएलए वाढतं. म्हणजे बाहेर पडणाऱ्या पेशीला पहाऱ्यातून सुटायचा परवाना आतच मिळतो. ही मांडणी आहे, शेवटचा शब्द नव्हे, पण डोळ्याच्या मेलानोमात एचएलए जास्त असलेल्या गाठी वाईट का वागतात हे तिने चांगलं उलगडतं.

म्हणून "प्रतिकारशक्ती वाढवा" हा सल्ला इथे लागू पडत नाही. पेशी कमी पडल्या असं नाहीच, त्या चुकीच्या बाजूला वळल्या आहेत. गुळवेल तर मी आजच बंद करीन. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. ज्या यकृतावर वर्षानुवर्षं नजर ठेवायची, त्याच्याच रक्ततपासण्या काढ्याने गढूळ करून घेऊ नका. काकांना सांगा, डॉक्टरांनी मनाई केली आहे, आणि डॉक्टरांकडून तसं खरंच वदवून घ्या.

इम्युनोथेरपीबद्दल: या गाठींत जनुकीय बदल फार कमी असतात, त्यामुळे टी पेशींना ओळखायला परकं असं थोडंच सापडतं. त्वचेच्या मेलानोमात गुण देणारी इम्युनोथेरपीची औषधं इथे म्हणूनच फिकी पडतात. टेबेंटाफस्प हे औषध वेगळं आहे. ते टी पेशीला कर्कपेशीशी बांधून देतं. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. चाचणीत वर्षभरानंतर ७३ टक्के रुग्ण हयात होते, इतर उपचार घेतलेल्यांत ५९ टक्के. पण ते पसरलेल्या आजारासाठी आहे आणि फक्त एचएलए-ए ०२:०१ हा एचएलए प्रकार असलेल्यांनाच चालतं. आत्ता बाबांना त्याची गरज नाही.

डॉक्टरांना विचारा: तिसऱ्या गुणसूत्राची तपासणी झाली का, यकृताचा एमआरआय किती महिन्यांनी करायचा, आणि एचएलए टायपिंग (एचएलए प्रकार ओळखायची तपासणी) आत्ताच करून ठेवावं का. एमआरआय नागपुरातच होईल, पण दर वेळी शक्यतो त्याच सेंटरला करा, म्हणजे जुन्या फिल्मशी ताडून पाहता येतं. आणि डोळ्याच्या गाठीची पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) हैदराबादहून मागवता येते का ते पाहा. पुढे एखादी तपासणी लागली तर तीच कामी येईल.