माजघराची भिंत काढून स्वयंपाकघर पुढे आणावे का? (गावभाग, सांगली)

प्रश्न

सर्वांना नमस्कार. सांगलीच्या गावभागात आमचे दुमजली घर आहे. सासऱ्यांनी ते १९७४ साली बांधले. चौदा इंची विटांच्या भिंती आणि त्यांवर स्लॅब अशी रचना असून सिमेंटचे खांब कुठेही नाहीत. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांची घरे भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे उजेड आणि वारा पुढच्या रस्त्याकडून व मागच्या परसाकडूनच येतो. तळमजल्यावर पुढे बैठकीची खोली, मध्ये दहा बाय बारा फुटांचे माजघर आणि मागे दहा बाय आठ फुटांचे स्वयंपाकघर अशी सरळ रांग आहे.

या आठ फुटांतच मोरी, देव्हारा, फ्रिज आणि ज्वारी-गव्हाच्या कोठ्या आहेत. सणावाराला तिघी-चौघी कामाला लागल्या की ओट्यापाशी एकीने उभे राहायचे आणि बाकीच्यांनी पाटावर बसून माजघरात निवडणे-टिपणे करायचे, असे वर्षानुवर्षे चालले आहे. आता संपूर्ण स्वयंपाकघर माजघरात आणावे, मधली भिंत पूर्ण काढावी आणि मागची खोली कोठीसाठी व भांडी घासण्यासाठी ठेवावी, असा आमचा विचार आहे. ठेकेदारांच्या मते भिंत काढून वर लोखंडी गर्डर टाकणे हे फार मोठे काम नाही. वरच्या मजल्यावर बरोबर याच जागी दोन खोल्यांमधली भिंत आहे, हे मात्र मला सारखे खटकते. शिवाय २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी घरात पुराचे पाणी आले होते. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावरच न्यावे, असे मुलाचे म्हणणे आहे, पण सासूबाईंना जिना चढवत नाही आणि स्वयंपाकघरातला वावर त्यांना सोडायचा नाही. अनुभवी व्यक्तींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (स्थापत्य अभियंता, मिरज)

ताई, तुम्हाला जे खटकते आहे तेच या कामातले सर्वांत महत्त्वाचे आहे. खांब नसलेल्या घरात प्रत्येक जाड भिंत वरचे वजन पायापर्यंत नेत असते. तुमच्या मधल्या भिंतीवर वरच्या मजल्याची भिंत उभी आहे, आणि बहुधा मागच्या खोलीचा स्लॅबही तिच्यावरच टेकला आहे, कारण स्लॅबमधली मुख्य सळई साधारणपणे खोलीच्या कमी लांबीच्या दिशेने टाकतात आणि त्या खोलीची कमी लांबी म्हणजे परसाकडची भिंत ते ही मधली भिंत, एवढी आठ फूट आहे. हा आधार गेला, तर आठ फुटांसाठी घातलेल्या स्लॅबला त्याने कधीच न पेललेले अंतर पेलावे लागेल.

गर्डर टाकता येतो, परंतु तो किती जाड असावा हे अंदाजाने ठरवायचे नसते. वरची भिंत, दोन्ही स्लॅब आणि गच्ची यांचे वजन मोजून ते ठरवावे लागते. त्याहून अधिक काळजी गर्डरच्या टोकांची घ्यावी लागते. आज दहा फूट लांबीच्या भिंतीवर पसरलेले वजन उद्या दोन टोकांवर एकवटेल, आणि ती टोके सामाईक भिंतींपाशी असतील. सांगलीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अशा मातीत पन्नास वर्षांपूर्वीच्या पायावर एका ठिकाणी जास्त भार आला, तर तुमच्याच काय, शेजाऱ्यांच्या भिंतीलाही तडे जाऊ शकतात. म्हणून टोकांपाशी खड्डा घेऊन पाया किती खोल आणि किती रुंद आहे, हे आधी पाहून घ्यावे.

माझे स्पष्ट मत असे आहे की, भिंत पूर्ण काढू नये. दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन फूट भिंत राखून मध्ये पाच-सहा फुटांची रुंद कमान किंवा चौकट काढावी. गर्डर लहान लागेल, त्याच्या टोकांखाली काँक्रीटचा ठोकळा भरता येईल आणि दोन्ही खोल्या वापरायला एकच झाल्यासारख्या होतील. एक विट काढण्यापूर्वी दोन्ही खोल्यांच्या स्लॅबला आणि वरच्या भिंतीलाही टेकू लागले पाहिजेत. घर भारवाहक भिंतींचे असल्यामुळे परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा नकाशा आणि महानगरपालिकेची परवानगी हातात आल्याशिवाय ठेकेदाराला घण उचलू देऊ नका.

उत्तर २ (नळकाम व ड्रेनेजची कामे करतो, विश्रामबाग)

इंजिनिअर साहेबांनी भिंतीचे सांगितले, मी पाण्याचे सांगतो. तुमचे चेंबर परसात असणार. सिंक माजघराच्या पुढच्या भागात नेले, तर पाइपला चेंबरपर्यंत साधारण अठरा फूट जावे लागेल. सांडपाण्याच्या पाइपला चाळीस फुटांना एक फूट असा उतार दिला, तर अठरा फुटांत जवळजवळ साडेपाच इंच उतार होतो. म्हणजे एवढी फरशी फोडायची, दोन भिंतींखालून पाइप काढायचा आणि त्या वाटेवर तेलकट थर साचला की घराच्या मधोमध फरशी पुन्हा उचकटायची. उतार कमी ठेवला, तर भाताची शिते आणि तूप पाइपमध्येच बसते.

चिमणीचेही तसेच आहे. माजघराला बाहेरची भिंतच नाही. चिमणीचा पाइप मागच्या खोलीतून परसापर्यंत न्यावा लागेल, आणि जितकी लांबी व जितकी वळणे वाढतील तितका तिचा ओढा कमी होतो. म्हणून सिंक आणि शेगडी दोन्ही परसाकडच्या खोलीतच राहू द्यावीत. स्वयंपाकघर हलवण्यापेक्षा ते पुढे वाढवावे. कोठ्या, फ्रिज, मिक्सर, ताटे-वाट्या आणि जेवणाचे टेबल माजघरात गेले की मागे भरपूर जागा मोकळी होते.

चेंबरच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह अवश्य बसवा. पुराच्या वेळी गटारे तुंबली की घाण पाणी दारातून येण्याआधी मोरीतून वर येते. तो व्हॉल्व्ह दर पावसाळ्यापूर्वी उघडून साफ केला पाहिजे, नाहीतर गाळ अडकून तो बंदच होत नाही.

उत्तर ३ (गृहिणी, सातारा)

आम्ही यादोगोपाळ पेठेतल्या घराचे स्वयंपाकघर असेच पुढे वाढवले, त्यामुळे रोजच्या वापराबद्दल लिहिते. ओटा बांधण्यापूर्वी फरशीवर खडूने ओटा, फ्रिज आणि टेबल पूर्ण मापाचे आखून घ्या आणि एक दिवस त्या रेघांमध्ये वावरून पाहा. फ्रिजचे दार उघडल्यावर मागून कोणी परात घेऊन जाऊ शकते का, हे कागदावर कळत नाही.

दुसरे म्हणजे ओट्याची उंची सगळीकडे सारखी ठेवू नका. चिरण्यासाठी आणि भांडी घासण्यासाठी मला चौतीस इंच सोयीचे वाटते, पण भाकरी थापताना खांद्यातून जोर द्यावा लागतो आणि त्या उंचीवर हात भरून येतात. माझ्याकडे ओट्याच्या टोकाला अडीच फुटांचा भाग एकोणतीस इंचांवर उतरवला आहे. काटवट तिथेच ठेवलेली असते, आणि सासूबाई खुर्चीवर बसून त्याच जागी कणीक मळतात व भाजी निवडतात. तुमच्या सासूबाईंसाठी अशी जागा करून पाहा. त्यांचा वावर सुटणार नाही आणि पायांनाही विसावा मिळेल.

गॅसची हवा साध्या हवेपेक्षा जड असते, म्हणून सिलिंडर दाराआड कोंडू नका. तो उभाच राहिला पाहिजे, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी आणि कपाटाला जमिनीलगत जाळी असावी.

प्रश्नकर्तीचे प्रतिसाद

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. शेगडी आणि सिंक मागेच ठेवण्याची गोष्ट घरात सर्वांना पटली. ठेकेदारांना भिंतीचे काम थांबवायला सांगितले असून इंजिनिअरना बोलावले आहे. आता पुराचा विषय तेवढा राहिला आहे. तळमजल्यावर पुन्हा खर्च करणे योग्य ठरेल का?

उत्तर ४ (खणभाग, सांगली)

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. इतक्या पाण्यापुढे ओटा चार इंचांनी उंच केल्याने काही वाचत नाही. म्हणून तळमजल्यावरचे स्वयंपाकघर भिजणार हे धरूनच बांधावे, आणि पाणी ओसरल्यावर ते धुऊन लगेच वापरता यावे एवढेच पाहावे.

ओट्याखाली प्लायवूडचे खोके करू नका. पाणी उतरल्यावर त्यांच्या सांध्यांत गाळ राहतो, कडा फुगतात आणि दारे लागत नाहीत. कडाप्प्याच्या उभ्या फळ्या, त्यांवर ग्रॅनाइट, मध्ये स्टीलच्या सुट्या जाळ्या आणि उचलून काढता येतील अशी अ‍ॅल्युमिनियमची दारे, एवढे पुरते. वायरिंग छतातून खाली आणा, प्लगचे बोर्ड शक्य तितके उंच घ्या आणि तळमजल्याचे सर्किट वेगळे ठेवा, म्हणजे खालचा पुरवठा तोडूनही वरच्या मजल्यावर दिवे चालू राहतील.

मुलाचे म्हणणेही सोडून देऊ नका. वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीच्या बरोबर वर, चार फुटांचा ओटा, एक सिंक आणि शेगडीपुरती जागा करून ठेवा. खालचे पाइप सरळ वर नेता येतील. काम दिवाळीनंतर लगेच सुरू करा, म्हणजे मे अखेरपर्यंत खालचा ओटा पुरा होईल आणि वरची जागा आधी तयार झाली असेल, तर मधले महिने तिथेच स्वयंपाक करता येईल. सासूबाईंचे ताट तेवढे दिवस खाली आणून द्यावे लागेल.