अझुसा स्ट्रीट ते मेंफिस

गोरे-काळे एकत्र प्रार्थनेला बसले की वर्णभेद आपोआप गळून पडतो, असं काही जण म्हणतात. माझा अनुभव पुस्तकीच, पण अमेरिकेतल्या पेंटेकॉस्टल लोकांचा (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणारा ख्रिस्ती पंथ) इतिहास जरा वेगळं सांगतो.

विल्यम सिमोर हा गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा. ह्यूस्टनला तो बायबल शिकायला गेला तेव्हा वर्गात गोऱ्यांबरोबर बसायची सोय नव्हती. दाराबाहेर बसून ऐकायचं! त्याच माणसाने 1906 मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, तबेला म्हणून वापरलेल्या जुन्या इमारतीत सभा सुरू केल्या. काळे, गोरे, मेक्सिकन, बाया-पुरुष, सगळे एकाच जागी. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. (त्याच्या वर्षभर आधी आपल्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्येही पवित्र आत्म्याच्या अनुभवाची अशीच लाट आली होती.)

पण टिकलं किती? थोड्याच वर्षांत चूल वेगळी झाली. 1948 मध्ये पेंटेकॉस्टल चर्चांचा महासंघ निघाला, त्यात कृष्णवर्णीयांचं एकही चर्च नव्हतं. तो मोडायला 1994 उजाडलं. मेंफिसच्या परिषदेत एका गोऱ्या पाळकाने कृष्णवर्णीय बिशपचे पाय धुतले, रडत माफी मागितली. येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, त्यामुळे तिथल्या प्रत्येकाला खूण पटली.

मला मात्र पाय धुण्यापेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते: जुना संघ बरखास्त करून नवा काढला आणि पहिलं अध्यक्षपद बिशप इथिएल क्लेमन्स या कृष्णवर्णीयाकडे दिलं.