पुढचा डावा ब्रेक पॅड सारखा का जातोय? (सात सीटर, कुंभार्ली घाट)

वाशिष्ठीकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळं लिहिते.

गाडी सात सीटर, पेट्रोल, हाताने गिअर टाकायची, २०१७ची. कंपनी कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही घ्यायलाच नको होती' या वळणाला लागतो. ब्रेक पुढे डिस्कचे, मागे ड्रमचे. आम्ही चिपळूणचे. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कराडला झालं, त्यामुळे तिकडची ये-जा ठरलेली आणि कुंभार्ली चढणं-उतरणं आलंच. गाडीत मी, सासूबाई, दोन्ही मुलं, कधी जाऊबाई, आणि येताना कराडची भाजी नि गुळाची ढेप. चालवते बहुतेक मीच.

त्रास असा की पुढच्या डाव्या चाकाचे पॅड दहा-अकरा हजार किलोमीटरला संपतात. उजवीकडचे वीस हजारांपर्यंत जातात. याच गाडीचे कंपनीतून आलेले पॅड चाळीस हजारांच्या पुढे टिकले होते, आणि घाट तेव्हाही हाच होता. आधी पॅड बदलले. मग आवाज येतो म्हणून डिस्क लेथवर लावून घासून घेतल्या. मग 'आता डिस्क पातळ झाल्या' म्हणून दोन्ही नव्या टाकल्या. त्यावर परत पॅड. आणि आता उतारावर पुन्हा करकर सुरू.

शेवटच्या वेळी जुने पॅड मागून घेतले. "भंगार नेऊन काय करणार मॅडम?" म्हणाला, पण दिले. डाव्या चाकाच्या आतल्या पॅडचं लायनिंग (डिस्कवर घासणारा थर) पार गेलेलं, नुसती लोखंडी पट्टी, तीही तापून निळसर झालेली. त्याच चाकाचा बाहेरचा पॅड मात्र अजून निम्मा शिल्लक! उजव्या चाकाचे दोन्ही सारखे झिजलेले.

पोफळीला खाली उतरलं की डाव्या चाकातून जळका वास येतो. रिमवर काळी भुकटी बसते, उजवी रिम त्या मानाने स्वच्छ. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरलं तर गाडी किंचित डावीकडे ओढते. रात्रभर उभी राहिली की सकाळी काही नाही.

आजवर मिळालेली मतं: एकाने सांगितलं, 'ब्रेकवर पाय ठेवून चालवताय', तेही माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघून. दुसरा म्हणाला, एबीएसचं (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिट बदला, आणि आकडा असा सांगितला की आम्ही चहा अर्धा टाकून उठलो. तिसऱ्याने लोकल पॅडना दोष दिला, तर ओरिजिनल टाकले, तेही गेले.

गणपतीला मुंबईची मंडळी येतील आणि गाडी भरून फिरेल. त्याआधी नेमकं काय तपासून घेऊ?

सदाशिवी सारथी

आधी मूलभूत गोष्टी. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरावा, वेग इंजिनाला धरू द्यावा. ब्रेक सतत घासत ठेवू नये. ठाम दाबावा, वेग खाली आला की पूर्ण सोडावा, म्हणजे डिस्कला मध्ये गार व्हायला वेळ मिळतो. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजूनही भेटतात. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना पाय काढला की इंजिन पेट्रोल जवळजवळ घेतच नाही, तेव्हा त्या बचतीला अर्थ नाही. आणि पावसाळ्यात धबधब्याशी थांबून तापलेल्या चाकावर बादलीभर पाणी ओतणे हा प्रकार तर कृपया बंद करा. डिस्कला तडे जातात. ९० टक्के ब्रेक चालकच संपवतो, हे माझे स्पष्ट मत आहे.

वाशिष्ठीकाठची

दुसऱ्यात उतरते, अवघड वळणाला पहिल्यातसुद्धा. न्यूट्रलचं तर नावच काढू नका, सासूबाई मागे बसून रामरक्षा म्हणत असतात. पण मला एक सांगा, पेडल एकच आहे ना? मग माझा पाय फक्त डाव्या चाकाच्या आतल्या पॅडवरच राग काढतो की काय?

एमएच५० गॅरेज

ताई, पायाचा विषय सोडा. तुमचा पाय चुकत असता तर चारी पॅड एका मापानं गेले असते. जुने पॅड मागून घेतले ते लई बेस केलं. गाडीला काय होतंय ते पॅडच सांगतो, फक्त भंगारात टाकायच्या आधी बघाय पाहिजे.

आता नीट वाचा. तुमच्या गाडीला पुढं सरकता कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) असणार, म्हणजे पिस्टन एकाच बाजूला, आतल्या. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच जोरानं कॅलिपरचं धूड उलट्या अंगाला सरकतं आणि बाहेरचा पॅड ओढून आणतं. हे सरकणं दोन पिनांवर चालतं. पिना जाम झाल्या की बाहेरचा पॅड नावालाच लागतो, सगळं काम आतला करतो, आणि ब्रेक सोडला तरी मोकळा होत नाही. तसाच घासत जातो. वास त्याचाच, काळी भुकटी त्याचीच, ओढणंही त्याचंच.

गाडीवर तपासायचं असं. घाट उतरून आल्यावर लगेच, सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, जॅकबरोबर स्टँडही लावा, नुसत्या जॅकवर हात घालू नका. चाक हातानं फिरवा. जड असेल तर कॅलिपरची ब्लीडरची निप्पल (ब्रेक ऑइल नि हवा सोडायचा बारका स्क्रू) थोडी सैल करा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकतोय: कॅलिपरला तेल नेणारा रबरी होज आतून फुगलाय, नाहीतर वर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेलावर दाब देतो तो). मोकळं नाही झालं तर अडचण कॅलिपरमध्येच, पिन किंवा पिस्टन. होज गेलेला असला तर बहुतेक दोन्ही पॅड सारखे जातात, तुमचा एकच गेलाय, म्हणून माझा संशय पिनेवर.

मग कॅलिपर खोलून पिना हातानं ओढून बघा. बोटानं सरकल्या पाहिजेत. पिस्टन सी-क्लॅम्पनं हळू मागं दाबा, अडखळत गेला की त्याची सील किट आलीच. पिना नव्या, त्यांची रबरं नवी, आणि ग्रीस सिलिकॉनचंच. चेसीचं पिवळं ग्रीस तिथं भरलं की रबर फुगतं आणि पिन वर्षात परत जाम. निम्म्या गाड्यांत मला तेच पिवळं सापडतंय.

एबीएसचं युनिट बदलायचं कुणी सांगितलं त्याला माझा नमस्कार सांगा. डॅशवर एबीएसचा दिवा लागत नसेल तर तिकडं बघायचं कारणच नाही.

रत्नागिरीचा एमएच०८

मेस्त्रींचं बरोबर, पण एक राहिलं. ताई, उजवे पॅडही वीस हजारांत गेले म्हणता, पहिले चाळीस चालले होते. म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांवर जास्तीचं ओझं येतंय. मागचे ब्रेक धरतात का? हँडब्रेक किती वर ओढावा लागतो?

आणि गाडी २०१७ची, चिपळूणची. २२ जुलै २०२१च्या पुरात होती का पाण्यात? माझ्या मामांची होती. इंजिन, सीटा, वायरिंग सगळं झालं, पण मागचे ड्रम कुणी उघडलेच नाहीत. दीड वर्षानं उघडले तर आत गाळ आणि अ‍ॅडजस्टर गंजून एकजीव झालेला. शू (ड्रमला आतून लागणाऱ्या पट्ट्या) झिजतील तसं अंतर भरून काढायचं काम त्याचं. तो फिरला नाही की शू ड्रमपासून लांब राहतात. मागचे ब्रेक नुसते नावाला, सगळा भार पुढे.

एक सोपी चाचणी: घाट उतरल्यावर चारी चाकांचं तापमान बघा. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड बंदूक कुणाकडून तरी आणा. कोरोनात घेतलेली कपाळाची बंदूक चालत नाही, ती चाळिशीच्या थोडी वर गेली की नुसतं 'हाय' दाखवते. मी करून पाहिलंय.

वाशिष्ठीकाठची

होती हो पुरात. आम्ही वरच्या मजल्यावर आणि गाडी खाली पार्किंगमध्ये, सीट बुडेपर्यंत पाणी. विम्यातून काम झालं, बिलात 'ब्रेक क्लिनिंग' अशी ओळही आहे. काय क्लीन केलं ते आता कळतंय.

हँडब्रेक अगदी वरपर्यंत येतो, आणि आमच्या गल्लीच्या चढावर तरीही गाडी हलते, म्हणून मी पहिला गिअर टाकून ठेवते. इतके दिवस वाटायचं, सात सीटर जड म्हणून असेल.

बंदूक ह्यांच्या लोट्याच्या मित्राकडून मिळाली. शिरगावला थांबून मोजलं: पुढचं डावं २८०च्या वर, उजवं १६०च्या आसपास, मागचे दोन्ही ड्रम पन्नाशीच्या आत. मागच्या ड्रमवर सासूबाईंनी हात ठेवून सांगितलं असतं, गारच आहे म्हणून. आता मेस्त्री शोधते, जो बदलण्याआधी खोलून बघेल.

वाशिष्ठीकाठची

काम झालं, म्हणून कळवते. बहादूरशेख नाक्यापलीकडे एक वयस्कर मेस्त्री मिळाले. त्यांना हा धागाच वाचून दाखवला. 'एमएच५०'चं ऐकताना मान डोलावत होते, 'सदाशिवी सारथीं'चं ऐकून तंबाखू मळायला लागले.

निप्पल सैल केली, तेल आलं, चाक तसंच जड. म्हणजे होज बरा. मग कॅलिपर सोडला. वरची पिन सरकली, कशीबशी. खालची हलेचना. मेस्त्रींनी गंज सोडवायचं तेल मारलं, पाना लावला, बाजूने हातोडीचे हलके ठोके दिले, दहा मिनिटांनी ती चिवचिवत बाहेर आली. गुळगुळीत असायला हवी ती पिन मधोमध खाल्लेली, तपकिरी, खड्डे पडलेली. तिचं रबर एका बाजूला फाटलेलं, आणि आत काय, तर पिवळं ग्रीस! गाळात मिसळून त्याचा खरवस झालेला. मुलाने फोटो काढून ठेवलाय.

मागचे ड्रम निघेनात म्हणून भोकात बोल्ट पिळून काढावे लागले. आत तांबूस माती चिकटून बसलेली, वर लायनिंगची काळी धूळ. अ‍ॅडजस्टरची चाकी बोटाने सोडाच, पक्कडीनेही हलली नाही. शूंवर लायनिंग भरपूर. झिजणार कशी, लागतच नव्हती. हँडब्रेकची एक केबलही आतून गंजलेली.

डाव्या कॅलिपरच्या दोन्ही पिना, रबरं, पिस्टनची सील किट, मागचे दोन्ही अ‍ॅडजस्टर, शू, एक केबल, पुढचे पॅड, ब्रेक ऑइल. उजव्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस. सगळं मिळून त्या दोन नव्या डिस्कच्या बिलापेक्षा कमी आलं, मजुरीसकट. पेडल आता वरच लागतं, पायाखाली घट्ट. कालच कराड करून आलो. खाली आल्यावर वास नाही. बंदुकीने मोजलं तर पुढची दोन्ही चाकं दहा-पंधरा अंशांच्या फरकात, आणि मागचे ड्रम हात ठेवू नये इतके तापलेले. ते तापलेले बघून कुणाला आनंद होत असेल तर आम्हीच.

सारथीकाका, दुसऱ्या गिअरचं तुमचं म्हणणं मान्य आहे हो. फक्त तुमच्या नव्वद टक्क्यांतून मला वगळा.

सदाशिवी सारथी

वगळले. उरलेल्या दहात आपले स्वागत. मात्र एक शंका: २८० अंशांपर्यंत तापलेली डिस्क तशीच ठेवली? आणि ब्रेक ऑइल कोणते भरले?

एमएच५० गॅरेज

डिस्कचं मी सांगतो. कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मायक्रोमीटरनं चार-पाच ठिकाणी मोजायची. त्यापेक्षा जाड असेल, तडा नसेल, आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत नसेल तर चालू द्यायची. निळे डाग दिसले म्हणून बदलायची नाही. पण नवे पॅड टाकलेत तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका ताई, पॅड डिस्कवर बसू द्या, मगच गाडी भरून घाट.

ऑइल डब्याच्या झाकणावर लिहिलंय तेच. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) असेल तर नवं तेल निदान २३० अंशापर्यंत उकळत नाही, पाणी धरलं की ते १५५ पर्यंत खाली येतं. हे तेल हवेतला ओलावा ओढतं, आणि तुमच्या चिपळूणच्या पावसात ओलाव्याला काय तोटा. दोन वर्षांनी बदलायचं, काळं होईस्तोवर थांबायचं नाही.

आणि उजव्या कॅलिपरच्या पिनांचीही रबरं बदलून घ्या, साफ करून भागत नाही. तीपण त्याच पुरात होती.

वाशिष्ठीकाठची

डॉट ४च भरलंय. उजव्या रबरांचं उद्याच सांगते, दुकानदार म्हणतो दोन दिवसांत मागवून देतो.