‘प्रौढ मूलपेशी’ म्हणावं का?

प्रश्न : इंदूरच्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. प्रौढ माणसाच्या त्वचेपासून प्रयोगशाळेत मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडतात त्या) तयार करतात, त्यांना ‘प्रौढ मूलपेशी’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : नाही ताई, घोटाळा होईल. हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी जन्मभर असतातच. प्रौढ मूलपेशी म्हणतात ते अशांना. त्यांच्यापासून तांबड्या-पांढऱ्या पेशी होतात, मेंदूची पेशी काही होत नाही. तुम्ही म्हणताय त्या मुळात त्वचेच्या साध्या पेशी. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या अशा पेशींत चार जनुकं घालून त्यांना भ्रूणातल्या पेशींसारख्या अवस्थेत परत नेलं. तिथून हृदयाची, मेंदूची, डोळ्याची पेशी घडवता येते, म्हणून ‘बहुक्षम’. बाहेरून तसं करायला लावलं, म्हणून ‘प्रेरित’. पूर्ण नाव : प्रेरित बहुक्षम मूलपेशी.

दुसरं उत्तर : नाव बरोबर आहे, पण ‘प्रेरित’ वाचून लोकांना प्रेरणा आठवते. एकदा ‘पूर्वावस्थेत नेलेल्या पेशी’ असा खुलासा करा. ‘कृत्रिम’ मात्र नको. पेशी जिवंत असते, माणसाचीच असते. शिवाय आपल्या इंदूरच्या मुलांना ‘पेशी’ म्हटलं की कोर्टाची तारीख आठवते, नाहीतर मांसपेशी. शाळेत ती हिंदीतून ‘कोशिका’ शिकतात. सुरुवातीलाच सांगून टाका.

आणखी एक कळकळीचं सांगणं. ‘उपचार’ हा शब्द जपून वापरा. २०१४ मध्ये जपानात कोबेला मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका वृद्ध बाईंच्या त्वचेपासून दृष्टिपटलाखालच्या पेशींचा पापुद्रा तयार करून तो त्यांच्याच डोळ्यात बसवला. काम मोठंच, पण ती चाचणी होती. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या सूचनांप्रमाणे रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तरी स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आईबापांना ‘मूलपेशी उपचार’ म्हणून लाखोंचे खर्च सांगितले जातात. आपल्या अंकातला एक सैल शब्द त्यांना खरा वाटायला नको.

प्रश्नकर्ती : पटलं. असं लिहू का? ‘रुग्णाच्या त्वचेपासून प्रेरित बहुक्षम मूलपेशी तयार करून त्यांच्यापासून घडवलेल्या पेशींवर औषधं तपासली जातात, अशा घडवलेल्या पेशी शरीरात बसवण्याच्या चाचण्या सुरू आहेत.’ आणि मूलपेशी की मूळपेशी?

उत्तर : वाक्य छान आहे. ‘मूलपेशी’च ठेवा, ‘मूळपेशी’ झाडाच्या मुळातली वाटते.